मुस्तफाची पेटी

गेल्या वर्षीपासून आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, एक पाच फुटी लाकडी पेटी उभी आहे. चॉकलेटी सनमायका, समोर दोन दांडके, चार बटणं आणि मधोमध नाणं टाकायची फट. पहिल्यांदा येणारे पाहुणे आधी देव्हारा समजतात, मग वजनकाटा. मिरज स्टेशनवर तसला वजनकाटा ज्यांनी पाहिलाय ते तर खिशात हातही घालतात! बायकोने तिचं नाव "सवत" ठेवलंय. खरं नाव मुस्तफाची पेटी.

आता नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात गेलं त्यांना मुस्तफा कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून तो घेतलेला. त्यात चार पात्रं. नायक जॅक टेनरेक, सोबत हॅना आणि मेस, आणि चौथा पिवळी टोपी घातलेला मुस्तफा कैरो. इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि वाचायची गरजही नव्हती. चौघांत मुस्तफा पळायचा भारी, त्याची उडी भारी आणि नावही तोंडात बसणारं. त्यामुळे अख्खा गेमच 'मुस्तफा' झाला. बिचारा जॅक नायक असून आमच्याकडे शेवटपर्यंत दुय्यमच राहिला.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर झालो, दुबई इंटरनेट सिटीत कन्सल्टन्सी करतो, दिवसभर बँकांच्या सर्व्हरचं दुखणं निस्तरतो. पण पहिला कॉम्प्युटर कुठे पाहिलास असं कुणी विचारलं तर खरं उत्तर शाळेची लॅब हे नाही. 1997 साली मी पाचवीत होतो. मिरजेत स्टेशन रोडच्या एका बोळात शटरचं दुकान होतं, आत चार पेट्या, आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला आम्ही सगळे मामा म्हणायचो. एक रुपयात एक डाव. माझे बाबा टीव्ही मेकॅनिक, त्यांचं दुकान तिथून दोन वळणांवर. म्हणजे सापडलो तर मार नक्की. दोनदा सापडलो, दोनदा खाल्ला.

घरात आर्केड मशीन बांधायचा छंद जगभर आहे आणि आता बराच जुनाही झालाय. त्याची सुरुवात व्हायला एक गोष्ट घडावी लागली. 1997 च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुन्या मशीनमधल्या सर्किट बोर्डाचं हुबेहूब सोंग साधा पीसी घेऊ शकेल अशी ती सोय. ज्या वर्षी मी बोळात रुपये घालवत होतो त्याच वर्षी! त्यानंतर लोकांनी पीसी लाकडी खोक्यात घालायला सुरुवात केली. 2004 मध्ये जॉन सेंट क्लेअर यांचं 'प्रोजेक्ट आर्केड' हे पुस्तक आलं, त्यात सुतारकामापासून वायरिंगपर्यंत सगळं होतं. 2018 पासून तर तीन-चतुर्थांश मापाची तयार मशीनंही विकत मिळू लागली. म्हणजे मी सरळ विकत घेऊ शकलो असतो, आणि घरच्यांनी ते अनेकवार सुचवलंही.

मग बांधायला का बसलो? कारण आराखडे बघायला लागलो आणि लक्षात आलं, यातली एकही पेटी आमची नाही.

याला थोडा इतिहास आहे. 1971 च्या 'कॉम्प्युटर स्पेस'ची पेटी फायबरग्लासची, वळणदार, एखाद्या यानासारखी. 1972 मध्ये अटारीचा 'पाँग' आला. तो कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या 'अँडी कॅप्स' नावाच्या बारमध्ये ठेवला होता. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडलं म्हणून तक्रार आली. इंजिनिअर अॅलन अॅलकॉर्न उघडून बघतो तर नाण्यांचा डबा शिगोशीग भरलेला! अमेरिकेत मशीन आलं ते बारमध्ये, त्यामुळे पेटी उभ्याने, हातात ग्लास घेऊन खेळणाऱ्या मोठ्या माणसाच्या मापाची. जपानने तिला कॅफेतलं टेबल केलं, पुढे बसून खेळायच्या बुटक्या पेट्या केल्या. सेगाची 1993 ची 'अॅस्ट्रो सिटी' त्यातली नामांकित. ही पेटी म्हणजे गेमचं नुसतं वेष्टणही नव्हतं बरं का. 1978 च्या 'स्पेस इनव्हेडर्स'चा पडदा काळा-पांढरा. रंग दिसायचे ते काचेवर लावलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे, आणि उभ्या पेटीत मागचा चंद्र चक्क रंगवलेलं चित्र होतं. आरशात त्याच्यावर खेळाचं प्रतिबिंब पडायचं. पेटी काढून घेतली की निम्मा गेम गेला.

आणि आपल्याकडे? मिरजेच्या बोळात ना अमेरिकन पेटी होती ना जपानी. मग ती कुठली होती, हा प्रश्न मला पस्तिशीत पडला. उत्तरासाठी बाबांना फोन लावला, तोही घाबरतच.

"बाबा, स्टेशन रोडला मामांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आठवतंय का?"

"आठवायला काय झालं? त्याचे टीव्ही मीच दुरुस्त करायचो की."

मंडळी, मी मिनिटभर गप्प. ज्या दुकानात गेलो म्हणून मार खाल्ला त्या दुकानाची बिलं आमच्या घरात येत होती! "मग मला मारलंत कशाला?" असं विचारलं तर म्हणाले, "मामाच सांगायचा मला, तुमचा पोरगा आलाय म्हणून. मी काय, कौतुक करू?"

मग पुढचे तीन-चार शुक्रवार बाबा फोनवर बोलत राहिले आणि मी लिहून घेत गेलो. त्यांचं म्हणणं असं. अख्खं मशीन परदेशातून आणणं कुणाला परवडणार? जागा खातं, ड्युटी लागते. यायचा तो फक्त बोर्ड, वहीएवढा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिशवीत घालून. बाकी सगळं गावात. पेटी गावच्या सुताराची, पडदा गावच्या मेकॅनिकचा, स्टिकर गावच्या रेडियमवाल्याचा. पेटीवर चित्र भलत्याच गेमचं असायचं त्याचं कारण हेच.

हे शक्य झालं ते एका जपानी प्रमाणामुळे. 1985 च्या सुमारास तिथल्या उत्पादकांच्या 'जामा' या संघटनेने ठरवून टाकलं, की बोर्डाच्या कडेला 56 टोकांची एकच ठरावीक जोडणी राहील. वीज कुठे, पडद्याच्या तारा कुठे, बटणं कुठे, सगळं पक्कं. गेम जुना झाला की बोर्ड उपसायचा, दुसरा खोचायचा, पेटी तीच. जपानमध्ये हे पेट्या वाचवायला केलं. आपल्याकडे त्याचा अर्थ असा झाला, की पेटी कुणीही कशीही करावी, 56 तारा जागच्या जागी आल्या म्हणजे झालं. मिरजेच्या सुताराने जपानी मशीन जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी त्याच्या पेटीत जपानी बोर्ड बिनतक्रार चालायचा.

पडद्याची गंमत तर मला इंजिनिअरिंगची चार वर्षं करूनही ठाऊक नव्हती. आर्केडचा मॉनिटर आणि घरचा जुना टीव्ही, दोन्ही पडद्यावर सेकंदाला साधारण पंधरा-साडेपंधरा हजार आडव्या रेघा ओढतात. त्यामुळे टीव्ही चालून जायचा. बाबा अँटेनाची बाजू सोडून देऊन लाल, हिरवा, निळा सिग्नल थेट आतल्या कलर स्टेजला जोडायचे. पण आपला टीव्ही सेकंदाला 50 चित्रांचा, गेमचा बोर्ड जवळपास 60 चा. त्यामुळे चित्र खालून वर असं सारखं वाहत राहायचं. मग मागच्या बाजूची व्हर्टिकल होल्डची खुंटी हळूहळू फिरवत चित्र थांबवायचं. "एकदा थांबलं तरी उन्हाळ्यात परत सुटायचं," बाबा म्हणाले. मला ते सुटलेलं चित्र आठवलं! मामा यायचे, पेटीच्या मागे हात घालायचे, आणि तेवढ्यात आमचा मुस्तफा मेलेला असायचा. रुपया मात्र परत नाही.

पण माझा खरा प्रश्न मापांचा होता. उंची किती? अमेरिकन आराखड्यात पेटी पावणेसहा-सहा फुटांच्या घरात असते. माझ्या आठवणीत मामांची पेटीही तेवढीच अजस्र होती, पण ती पाचवीतल्या पोराची आठवण. बाबा म्हणाले, "पाच फूट."

"नक्की?"

"अरे, प्लायचं शीट आठ बाय चार. दोन बाजू दोन-दोन फूट रुंद काढल्या की चार फूट संपले. उंची पाच ठेवली की खाली तीन फुटांचा तुकडा उरतो. त्यात टीव्हीची फळी आणि बटणांची फळी. शीट वाया घालवून सुतार पेटी करील होय?"

खोली दोन फूट का, तर मागे टीव्हीची ट्यूब मावायला हवी. रुंदी का, तर एकवीस इंची टीव्हीचं खोकं बसायला हवं. म्हणजे आमच्या पेटीचं माप बारमधल्या अमेरिकन माणसानेही ठरवलं नाही आणि कॅफेतल्या जपान्यानेही नाही. ते प्लायवूडच्या शीटने आणि टीव्हीने ठरवलं. आणि कंट्रोल पॅनलची उंची? तिथे खेळणाऱ्याचा विचारच नव्हता, टीव्हीखाली जिथे जागा उरली तिथे फळी ठोकली. म्हणून आम्ही विटांवर उभे राहायचो. मामांच्या दुकानात विटा होत्या त्या याच्यासाठी!

मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांचा तो हक्कच होता, मिरजकर म्हणून मला अभिमान आहे. त्याच गावात सुतारांनी असल्या पेट्याही केल्या. माझ्याकडे त्यातल्या एकीचाही फोटो नाही. चुलतभावाला बोळात पाठवून पाहिलं तर तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मामा वारले. पेट्यांचं काय झालं विचारलं तर त्यांचा मुलगा म्हणाला, प्लायचं काय होणार, पावसात फुगलं, बंबात गेलं.

कागदोपत्री शोधावं तर तिथे पेटी दिसते ती फक्त कर आणि परवान्यापुरती. 1923 च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यात पुढे व्हिडिओ गेमही आले. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेमवाल्यांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1995 मध्ये कोर्टाने सांगितलं की असल्या पार्लरना पोलिसी परवान्याचं बंधन लावणं योग्यच आहे, काही खेळ तर निव्वळ नशिबाचे. आमच्या आया जे म्हणायच्या तेच, फक्त इंग्रजीत.

गेमचं नशीब पेटीपेक्षा बरं, पण तेही कशामुळे ते ऐका. कॅपकॉमने 1993 च्या या बोर्डावर एक कुलूप घातलं होतं. आवाजाचा प्रोग्रॅम सांकेतिक भाषेत, आणि ते उलगडायची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. नक्कल होऊ नये म्हणून. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाणार आणि अस्सल बोर्ड निकामी होणार. जाणकार तिला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. आणि नकली बोर्ड? नक्कल करणाऱ्यांनी ते कुलूपच काढून टाकलं, आवाजासाठी दुसरीच स्वस्त चिप लावली. त्यामुळे आवाज फाटका, पण बॅटरीची भानगड नाही. चोरीचा माल टिकला, अस्सल मेला. शिवाय कॉमिकच्या हक्कांचा गुंता असल्याने हा गेम घरच्या कुठल्याही कन्सोलवर कधी आलाच नाही. कॅपकॉमने 2018 मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या गेमांचा संच काढला, त्यातही तो नाही. चोरीचं समर्थन करायचा माझा हेतू नाही (माझी रोजीरोटी सॉफ्टवेअरवर आहे!), पण जे झालं ते असं झालं.

असो. आता शारजाकडे येऊ.

यूएईत हा खेळ वेगळ्या वाटेने आला. इथे बोळ नव्हता, मॉल होता. दुबईचं अल नस्र लेझरलँड 1979 चं, देरा सिटी सेंटर 1995 चं आणि त्यातलं मॅजिक प्लॅनेट इथे वाढलेल्या आपल्या कित्येक मुलांच्या वाढदिवसांचं ठिकाण. 2009 मध्ये दुबई मॉलमध्ये सेगाचं 'सेगा रिपब्लिक' सुरू झालं, 2017 मध्ये बंदही झालं. नाण्यांची जागा कार्डाने घेतली. इथलं नाणं मात्र एकदा चांगलंच गाजलं. एक दिरहमचं नाणं 24 मिलिमीटरचं, फिलिपिन्सचा तेव्हाचा एक पेसोही तेवढाच, पण किंमत कितीतरी कमी. 2006 च्या सुमारास इथल्या नाण्यांच्या मशीनांत पेसो सापडायला लागले आणि पेपरात बातम्या आल्या. मला हे कळलं ते माझ्या पेटीच्या फटीचं माप ठरवताना. आपला 1992 मध्ये आलेला स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा होता, म्हणून मी फट त्या रुपयाच्या मापाची केली. लेक तीत दिरहम टाकतो. मी रोज संध्याकाळी काढून परत देतो, मामांचं पाप फेडल्यासारखं.

पेटी करून घ्यायला शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो. पहिल्या सुताराने माझा कागद बघून सरळ एमडीएफची पेटी केली. ती इतकी जड आणि इतकी रुंद, की आमच्या लिफ्टच्या दारातच अडकली. वॉचमन, मी आणि दोन शेजारी अर्धा तास घामाघूम! ती परत गेली, पैसे गेले, आणि घरात जे काही ऐकावं लागलं ते इथे छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दुकानात एक बांगलादेशी सुतार होता, वयाने माझ्याएवढाच. त्याला मी हिंदीत समजावत होतो, की दोन दांडके, चार बटणं, मध्ये टीव्ही. त्याने कागद फिरवून बघितला आणि विचारलं, "मोस्तफा?"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. तिकडेही गेमचं नाव तेच! तिकडेही चारांतला तोच आवडता, तिकडेही नाण्यासाठी घरात चोऱ्या आणि नंतर मार. मग त्याने माझा कागद बाजूला ठेवला, पेन्सिल घेतली आणि प्लायच्या शीटवरच रेघा मारल्या. बाजू दोन-दोन फूट, उंची पाच. मी माप सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, पाचच का? तो म्हणाला, नाहीतर दुसरं शीट लागेल, साहेब.

बाबांचं म्हणणं मला पटलं ते खरं तर त्या क्षणी.

आत सुरुवातीला मी जुना पीसी आणि एलसीडी बसवला होता. चाललं सगळं. लेकाने दोन दिवसांत शेवटपर्यंत खेळूनही टाकलं, कारण नाणी फुकट! माझं मात्र समाधान होईना. चित्र फारच स्वच्छ होतं. मूळ चित्र अवघं 384 बाय 224 ठिपक्यांचं, काचेच्या ट्यूबवर त्याच्या कडा विरघळायच्या. इथे प्रत्येक ठिपका विटेसारखा वेगळा.

हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आले. बॅगेत चकली, मेतकूट, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक हिरवा बोर्ड. "मामाने दुरुस्तीला दिला होता. पैसेही दिले नाहीत आणि न्यायलाही आला नाही. माळ्यावर होता." नकलीच होता तो, बॅटरीचं नाव नाही. मला सांगायचं होतं की तुम्ही विमानातून काय घेऊन आलात याची कल्पना आहे का, पण नाही बोललो.

मग आम्ही अजमानच्या जुन्या सामानाच्या बाजारातून एकवीस इंची ट्यूबचा टीव्ही आणला. बाबांच्या हाताला आता थोडा कंप आहे. त्यामुळे डाग त्यांनी मला द्यायला लावले, स्वतः टॉर्च धरून बसले आणि प्रत्येक डागाला "हं... थंड पडला, परत दे" म्हणत राहिले. ट्यूबचा चार्ज उतरवायचं काम मात्र त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. स्क्रूड्रायव्हरला तार बांधून स्वतः केलं, आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. बोर्डावरचे दोन कपॅसिटर बदलले. 56 तारांपैकी कुठली कुठे हे मी लॅपटॉपवर उघडून बसलो होतो, त्यांनी एकदाही तिकडे बघितलं नाही.

रात्री अकराला बटण दाबलं. आवाज आला, तोच फाटका आवाज! लेक म्हणाला, बाबा, स्पीकर खराब आहे. मी म्हटलं, नाही रे, असाच आहे तो.

चित्र उजळायच्या आतच बाबा पेटीच्या मागे गेले होते. एका हातात टॉर्च, दुसरा हात टीव्हीच्या मागच्या बाजूला चाचपडतोय. मला पुढून दिसत होतं, की चित्र आलंय आणि ते वाहत नाहीये, अगदी स्थिर आहे. आखातात विकले जाणारे हे टीव्ही सगळ्या देशांच्या पद्धती ओळखतात. 50 असो की 60, आपले आपण जुळवून घेतात.

"होल्डची खुंटी कुठाय रे याची?" मागून आवाज आला.

"नाहीये बाबा त्याला. थांबलंय चित्र."

"आपोआप?"

"आपोआप."

थोडा वेळ ते मागेच उभे राहिले. मग पुढे आले, चष्मा पुसला आणि पडद्याकडे बघितलं. लेकाने त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण होणार? मुस्तफा मी आहे."

बाबा म्हणाले, "मला खेळता कुठं येतंय? मी कधी खेळलोच नाही."

तरी बसले. पहिल्या डावात दीड मिनिटात मेले. मग खिशातून रुपया काढला.